मे महिन्यात दोन दिवस, मराठवाड्यातच: डोंगर आणि छोटी गावं कुठं बघावीत?

मांजराकाठची
मुलांच्या परीक्षा झाल्या, सुट्ट्या लागल्या. नवऱ्याला शनिवार-रविवारच्या पुढं रजा नाही. घरातला ठरलेला ठराव महाबळेश्वरचा होता, तो यंदा मी हाणून पाडला. दोनातला एक दिवस घाटात गाड्यांच्या रांगेत काढायचा, खोलीसाठी खिसा रिकामा करायचा आणि सोमवारी ऑफिसात डुलक्या घ्यायच्या, ह्याला सुट्टी कोण म्हणतं?

माझं म्हणणं असं, की आपण मराठवाड्यातली माणसं आपले डोंगर बघतच नाही. बालाघाट शाळेच्या नकाशात तपकिरी खडूनं रंगवला, संपलं. तुळजापूरला दरवर्षी जातो ते थेट देवळात. घाट चढतो तेव्हा गाडीतला निम्मा ऐवज झोपलेला असतो.

तर सुचवा. लातूरहून स्वतःची गाडी. बरोबर सासूबाई (गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त) आणि दोन मुलं, एक शाळेतलं शेंडेफळ आणि एक मोबाइलमधलं थोरलं. एक मुक्काम. डोंगर हवा, जुनं छोटं गाव हवं, जेवण घरगुती हवं. पाणीच दिसलं पाहिजे असा हट्ट नाही. औसा, खरोसा, नळदुर्ग झालेलं आहे.

खवचट_काका
मे महिन्यात मराठवाड्यात डोंगर बघायचा म्हणजे भाकरी कशी भाजते ते तव्यावर बसून बघायचं. तरी जावा. परत आलात की सांगा.

टायर_पंक्चर
काका, तुम्ही कूलरसमोरून उठत नाही, तुम्हाला काय विचारायचं!
ताई, मे महिन्यात ठिकाण दुय्यम, घड्याळ पहिलं. पहाटे पाचला गाडी सुरू झाली पाहिजे. अकरापर्यंत जे बघायचं ते बघा. अकरा ते पाच सावली, जेवण, झोप. पाच ते आठ पुन्हा बाहेर. एवढं जमलं तर कुठंही जा, नाही जमलं तर काश्मीरला जाऊनही भांडणंच होतील. टायरची हवा पहाटे थंड असताना तपासा, आणि स्टेपनीतसुद्धा हवा आहे का ते बघा. ती कुणी बघत नाही.

देवगिरीकर
म्हैसमाळ. दुसरं नावच नको. आमच्या संभाजीनगरपासून तासाभराच्या वाटेवर. हजार मीटरच्या आसपास उंची, वर सपाट माळ, गिरिजादेवीचं देऊळ, बालाजीचं देऊळ, दूरदर्शनचा मनोरा. दुपारी वरही ऊन लागतं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी कड्यावर उभं राहिलं की खालून वारा असा येतो की टोपी हातात धरावी लागते. रात्री पंखा बंद करावासा वाटतो. मे महिन्यात शहरात राहणाऱ्याला ह्याची किंमत विचारा.

आणि छोटं गाव म्हणाल तर पायथ्याला खुलताबाद. लोक भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन पुढं पळतात. निजलेला मारुती, आणि शनिवारी तर पाय ठेवायला जागा नसते. पण गावाची जुनी वेस, तटबंदी, दर्गे, मलिक अंबरची कबर हे सगळं सकाळी सातला रिकामं असतं. १६२६ मध्ये गेलेला हा माणूस. खडकी नावाचं गाव वसवलं, तेच आजचं आमचं शहर. त्याच्या कबरीपाशी मला आजवर एकही पर्यटक भेटलेला नाही, शेळ्या भेटतात. येताना खाजा घ्या. कुरकुरीत खाजा मिळतो, तसा बाकी कुठं मिळत नाही.

शेजारी शूलिभंजन. नाथमहाराजांनी तप केलं ती टेकडी, वर दत्ताचं देऊळ. गाडी बरीच वरपर्यंत जाते, सासूबाईंना त्रास नाही.

वेरूळबद्दल एकच सांगतो. लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. म्हणजे सकाळी सगळी दर्शनी बाजू सावलीत आणि दुपारी चारला भट्टी. लोक नेमके जेवून दुपारी येतात आणि मग उन्हाच्या नावानं बोटं मोडतात. सूर्योदयाला फाटक उघडतं. पहिल्या तासात कैलास (१६ नंबर) बघून घ्या. मंगळवारी बंद असतं, पण तुम्ही शनिवारी येताय.

फिरस्ती_मुक्ता
देवगिरीकरांच्या वेरूळच्या मुद्द्याला +१, म्हैसमाळला मात्र सपशेल विरोध. शनिवार-रविवारी वर जाऊन बघा. गाडीची दारं सताड उघडी टाकून गाणी लावलेली असतात, कड्याच्या टोकाला बाटल्यांच्या काचा असतात. मुलं अनवाणी पळू शकत नाहीत. बुधवारी जा, स्वर्ग आहे. रविवारी नको.

देवगिरीकर
काचांचं खरं आहे. पण त्या टोकाला कशाला जायचं? देवळाच्या मागच्या बाजूनं जा की. तिथं अजून करवंदाच्या जाळ्या आहेत, आणि मे महिना म्हणजे करवंदाचाच.

बालाघाटचा_गडी
काय सांगायलाव राव! बाई लातूरच्या आहेत. लातूरहून म्हैसमाळ अडीचशे किलोमीटरच्या वर. दोन दिवसांतला एक दिवस पुन्हा रस्त्यातच गेला, मग महाबळेश्वरनं काय घोडं मारलं होतं?

ताई, घराच्या मागच्या दारानं बाहेर पडा. मी सांगतो तसा एक वळसा मारा.

शनिवारी पहाटे लातूर ते अंबाजोगाई. तासा-सव्वा तासात पोचता. आधी योगेश्वरी, गर्दी व्हायच्या आत. मग हत्तीखाना. जयंती नदीच्या काठाला खडकात कोरलेली लेणी, पुढं मोठं अंगण आणि त्यात दगडाचे हत्ती. अंबाजोगाईच्या निम्म्या पोरांचं लहानपण त्या हत्तींवर बसण्यात गेलं. आत मंडपात शिरलं की डोळ्याला अंधारी येते आणि अंगाला गारवा लागतो. मग मुकुंदराजांची समाधी. गावाबाहेर डोंगराच्या कडेला आहे. शके १११० चा, म्हणजे ११८८ चा ‘विवेकसिंधु’ लिहिणारे हेच मुकुंदराज. तिथं कठड्याशी उभं राहिलं की बालाघाट म्हणजे काय ते कळतं. आपण सपाटीवर राहतो असं वाटत असतं आणि एकदम पायाखालची जमीन संपते, खाली दरी. लातूरकडून येताना कुठं चढ लागल्याचं आठवतसुद्धा नाही.

दुपार अंबाजोगाईतच. तालुक्याचं मोठं गाव, लॉज मिळतात. जेवून झोपा.

चार-साडेचारला केज रस्त्यानं धारूर. किल्ला गावाला चिकटून. तीन बाजूंना दऱ्या आणि गावाकडच्या बाजूला खंदक. सोळाव्या शतकातला, आदिलशाही. सूर्य मावळताना तटावर असायला पाहिजे. आत बोरी-बाभळी आणि सीताफळीचं रान माजलंय. ह्या दिवसांत सीताफळीला पान नसतं, फळ तर दसरा-दिवाळीचं. पण बीडच्या ज्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं ते ह्याच खडकावरचं. कुणी लावलेलं नाही, आपलं आपण वाढलेलं.

मुक्काम केज किंवा बीड. रविवारी पहाटे मांजरसुंब्याचा घाट, कपिलधार, मग सोलापूरच्या हायवेनं खाली कुंथलगिरी, येरमाळा, येडशीचं रामलिंग आणि ढोकी-मुरूडवरून घरी. सगळा रस्ता बालाघाटाच्या अंगाखांद्यावरून जातो. घाट एक चढला, एक उतरला असं नाही, दिवसभर डोंगराशी लपंडाव चालू राहतो.

परभणीचा_पुणेकर
बालाघाटचे गडी, लिहिलंय झकास, पण कपिलधार मे महिन्यात? धबधब्याच्या जागी एक काळा ओघळ आणि खाली चिप्सची पाकिटं. सौताड्याचंही तेच. मुलांना ‘इथं धबधबा असतो’ असं सांगायला एवढं पेट्रोल जाळायचं?

बालाघाटचा_गडी
कपिलधारला लोक धबधब्यासाठी जात नाहीत हो, मन्मथस्वामींच्या समाधीला जातात. कार्तिकात दिंड्या येतात तेव्हा बघा. दरीत उतरलं की झाडी आहे, सावली आहे. तुमच्या पुण्यात झाडाखाली गाडी लावायला जागा मिळते का?

दगडधोंडे
परभणीकरांच्या प्रतिसादावर थोडं लांबण लावतो, कारण कोरडा धबधबा हा माझा आवडता विषय आहे.

पावसाळ्यात सौताड्याला काय दिसतं? पांढरं पाणी आणि माणसांची डोकी. विंचरणा नदी कड्यावरून पडते ती जागा मे महिन्यात उघडी असते. तेव्हा कडा वाचता येतो. एकावर एक आडवे थर दिसतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक लोट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थराचा खालचा भाग घट्ट, काळा, उभ्या भेगांचा. वरचा भाग भोकाभोकांचा, कारण लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर येऊन अडकले. त्या भोकांत पुढं पांढरे स्फटिक भरले. मुलांना ते शोधायला लावा, तासभर मोबाइल आठवणार नाही. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी रंगाची पट्टी दिसते. एक लोट येऊन गेला, मध्ये मोठी विश्रांती पडली, वरच्या दगडाची माती झाली आणि मग दुसरा लोट आला, त्याखाली ती माती भाजून निघाली. विहीर खणणाऱ्याला ही तांबडी पट्टी बरोबर माहीत असते.

बालाघाटाचे डोंगर वरून सपाट आणि बाजूनं पायऱ्यापायऱ्यांचे का, तर ह्याच थरांमुळं. घट्ट थर टिकतो, त्याचा कडा होतो. भुसभुशीत थर झिजतो, त्याचा उतार होतो. ही पायऱ्यांची रेघ पावसाळ्यात गवतात बुडते. मे महिन्यात पहाटेच्या तिरप्या उन्हात मांजरसुंब्याच्या घाटातून सरळ मोजता येते.

सौताड्याच्या पायऱ्या मात्र सासूबाईंना नकोत. रामेश्वराचं देऊळ तळाशी आहे, उतरलेलं सगळं चढावं लागतं.

खवचट_काका
साडेसहा कोटी वर्षं! आणि ह्यांना शनिवार-रविवारची रजा.

सागवान
नांदेड जिल्ह्याचं नाव घ्यायला इतका उशीर? किनवट-माहूरकडं कुणी आलंय का खरंच, का सगळे लातूर-बीडच्या पलीकडं मराठवाडा संपतो असं धरून चाललेत?

माहूर म्हणजे एकामागं एक तीन शिखरं: रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया. समोर रामगड किल्ला. रेणुकेला पायऱ्या आहेत, भल्या सकाळी चढा. प्रसादाला तांबूल मिळतो, कुटलेला विडा. तो खाल्ला की दिवसभर तोंडाला वास राहतो. दत्तशिखरावरून खाली बघितलं की उन्हाळ्यातलं सागाचं रान दिसतं, पानं झडलेली, नुसते राखाडी खोड आणि मध्येच एखादं हिरवंगार झाड. आमच्याकडं डोंगर सुना दिसतो, पण रान मे महिन्यात सगळ्यात जास्त कामात असतं. तेंदूपत्त्याची तोडणी चालू असते. पहाटे चारला बायका-पोरं डोंगरात गेलेली असतात, दुपारी अंगणात बसून पुडे बांधतात, आणि गावाबाहेरच्या उघड्या मैदानावर ते पुडे ओळीनं वाळत घातलेले असतात. रस्त्याच्या कडेला टेंभरं (तेंदूचीच फळं) आणि चारं विकायला बसतात, द्रोणात. चारोळी ज्याच्या बीमधून निघते ते चार हे फळ शहरातल्या पोरांनी बघितलेलंच नसतं.

किनवटला आदिलाबादच्या रेल्वेनंही येता येतं. सहस्रकुंड मात्र आत्ता नको, पैनगंगेला धार नसते. उनकेश्वरला जा, गरम पाण्याचे झरे आहेत.

हुरडा_पार्टी
मे महिन्यात गरम पाण्याच्या झऱ्यावर?? आमच्या गच्चीवरच्या टाकीतून दुपारी बाराला येतं तेच की हो, फुकट!

सागवान
हाहा. मान्य. उनकेश्वर दिवाळीनंतर.

मांजराकाठची
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सागवानदादा, माहूर माझ्या मनात भरलं, पण दोन दिवसांत लातूरहून जाऊन येणं म्हणजे पोरांची आणि सासूबाईंची परेडच होईल. ते नवरात्रानंतर, रजा जोडून. बालाघाटचा वळसा जवळजवळ पक्का.
काही शंका: १) भर उन्हात देवळात अनवाणी चालायचं कसं? २) धारूरचा किल्ला गुडघेदुखीला झेपेल का? ३) दोन दिवसांत इतकं सगळं जास्त होत नाही का?

फिरस्ती_मुक्ता
३ चं उत्तर: होतं. बालाघाटच्या गड्याला सगळंच दाखवायचंय. रविवारचं निम्मं छाटा. कपिलधार किंवा रामलिंग, दोन्ही नको.
१ चं उत्तर: जाड सुती मोजे. लाज वाटू देऊ नका, फरशीवर पाय टेकला की लाज जाते. मोठ्या देवळांत उन्हाळ्यात तरटं अंथरून त्यावर पाणी मारतात किंवा पांढरा पट्टा मारतात, त्यावरूनच चाला. काळ्या फरशीवरून ‘एवढंच तर आहे’ म्हणत जाणारे मधोमध पोचून नाचायला लागतात.

धारूरची_लेक
२ चं उत्तर माझ्याकडून, माहेर धारूर. पहिल्या दरवाजापर्यंत आरामात जाता येतं. आत दगडधोंड्यांची वाट आहे आणि गवत वाळून घसरडं झालेलं असतं. सासूबाईंना दरवाजाच्या देवडीत बसवा, तिथून वारा मस्त येतो. त्यांच्याशी गप्पा मारायला गावातली कुणीतरी आजी येणारच. तुम्ही तासाभरानं परत याल तोवर दोन्ही घराण्यांची सोयरीक निघालेली असेल.
अंधार पडायच्या आत खाली उतरा. आत दिवे नाहीत आणि तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा राहिलेला नाही. धाकट्याचा हात सोडू नका.

कोरडवाहू
सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण एक कुसळ टोचतंय ते लिहितो. बालाघाटाच्या वाड्या-वस्त्यांवर ह्या दिवसांत टँकर चालू असतात. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळतात, आणि त्याच रस्त्यानं आपण ‘काय सुंदर उघडे डोंगर’ म्हणत फोटो काढत जायचं? मला जमत नाही. माझं गाव केज तालुक्यात आहे. आमच्याकडं पाहुणा आला की पहिला प्रश्न पडतो तो अंघोळीच्या पाण्याचा.

मांजराकाठची
कोरडवाहूदादा, हे बोललात ते बरं केलंत. मी लातूरची आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्यासाठी पाणी आलं होतं. स्टेशनावर ती वाघिणींची गाडी लागली तेव्हा लोक हार घेऊन गेले होते. त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी घासलेलं पाणी झाडांना आणि फरशी पुसलेलं पाणी संडासात वापरायचो, ती सवय अजून सुटली नाही. म्हणून विचारते, मग यावं की येऊ नये?

कोरडवाहू
या ना! येऊ नका असं नाही म्हणत. पिण्याचं पाणी घरून कॅनमध्ये भरून आणा. लॉजवर बादलीभर पाण्यात अंघोळ उरका. आणि जेवणाचा डबा मात्र घरून आणू नका. गावातल्या खानावळीत जेवा, रस्त्यावर जांभळं-करवंदं घेऊन बसलेल्या म्हातारीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. उन्हाळ्यात शेतात काम नसतं. हातात येणारा रुपया तेवढाच.

परभणीचा_पुणेकर
ह्या प्रतिसादाला +१००. आधीचा माझा चिप्सचा टोमणा मागं घेत नाही, उलट आपली पाकिटं आपल्या गाडीत परत आणा एवढं त्यात घालतो.

हुरडा_पार्टी
अवांतर, पण अत्यंत महत्त्वाचं: खाण्याचं कुणीच धड लिहिलं नाही.
सकाळी निघताना धपाटे आणि दही. धपाटं दुसऱ्या दिवशीही खराब होत नाही, प्रवासाला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. अंबाजोगाईत सकाळी सुशीला मिळाला तर सोडू नका. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, शेंगदाणे आणि डाळ्याचं कूट घातलेला. पोहे नव्हेत, पोह्यांचा मान ठेवून सांगतो.) दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा, कांदा. एसी हॉटेलातलं पनीर लातुरातही मिळतं.
कुंथलगिरीला खवा आणि पेढा. सरमकुंडी फाट्यावर दुकानांची रांगच आहे. त्या बाजूच्या भूम-वाशीच्या माळावर शेती बेताची आणि जनावरं भरपूर, म्हणून घरोघर दूध आटवणं चालतं. पेढा तांबूस, भाजका, कमी गोड. पांढरा दिसला की पुढच्या दुकानात चला. खवा आणायचा तर थर्मासची पेटी लागेल, उन्हात घरी पोचेपर्यंत आंबतो.

देवगिरीकर
आणि आमरस? मराठवाड्याच्या केशरलाही मानांकन आहे म्हटलं.

हुरडा_पार्टी
केशर खाऊन झाल्यावर गावरान शेपूआंबा नाहीतर गोटीआंबा चोखून बघा आणि मग मानांकनाचं बोला.

धारूरची_लेक
आंब्यावरून भांडण नको, त्याला वेगळा धागा लागेल आणि तो पावसाळ्यापर्यंत चालेल.

जुना_प्रवासी
रामलिंगचं नाव वाचलं म्हणून लिहितो. आमच्या वेळी तिथं बार्शी लाइट ही छोटी रेल्वे जायची. कुर्डुवाडी-बार्शी १८९७ ला सुरू झाली, लातूरला १९११ मध्ये आली. अडीच फुटी रूळ, डबे खेळण्यातले वाटावेत असे. येडशीजवळ घाट लागला की इंजिन धापा टाकायचं. पुढच्या डब्यातून उतरून करवंदं तोडून मागच्या डब्यात चढायचे, असं प्रत्येक जण सांगतो. मी त्या गाडीनं शिकायला जात होतो, कुणालाही तसं चढताना पाहिलेलं नाही. पण खिडकीत बसून डोंगराला हात लागेल असं वाटायचं, एवढं खरं. आता मोठी गाडी झाली, रूळ दुसरीकडून गेला. सोय झाली. डोंगर मात्र गाडीतून गेला.

रामलिंगचं देऊळ दरीत, दोन्हीकडून डोंगर. जटायूची गोष्ट तिथलीच सांगतात. लातूरहून येणाऱ्यानं येताना नाही, परतताना, उन्हं कलल्यावर तिथं उतरावं.

खवचट_काका
आणि वाघ? तो कुणी सांगत नाही.

टायर_पंक्चर
काकांनी पहिल्यांदा कामाचं काही लिहिलं. हो, २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ सापडला होता. यवतमाळच्या टिपेश्वरहून, वाटेतल्या सगळ्या जिल्ह्यांतली शेतं, हायवे, रेल्वे ओलांडत आलेला. तिकडं कन्नडच्या गौताळ्यातही २०२१ ला टिपेश्वरचाच एक वाघ पोचला होता.

खवचट_काका
बघा, वाघाला कळतं बालाघाटात उन्हाळा काढावा ते. आपणच महाबळेश्वरला पळतो.

फिरस्ती_मुक्ता
काका, पक्ष बदललात!
गौताळ्याचा विषय निघाला म्हणून संभाजीनगरकडच्या वाचकांसाठी: कन्नडजवळचं पितळखोरं बघून घ्या. हीनयान काळातली लेणी, दरीत उतरून जावं लागतं. पावसाळ्यात पुढचा ओढा भरतो, उन्हाळ्यात वाट मोकळी. मात्र सकाळी दहाच्या आत वर परत. अजिंठ्याकडचा वेताळवाडीचा किल्ला कितीही मोह झाला तरी आत्ता नको, चढावर झाडाचं पान नाही. हळद्याच्या घाटातून गाडी थांबवून बघा, किल्ला पूर्ण दिसतो.

मांजराकाठची
ठरलं. शनिवारी अंबाजोगाई आणि संध्याकाळी धारूर, मुक्काम केज. खोलीचं फोनवर बोलून झालं, मालकांनी आपणहून सांगितलं की पाणी सकाळी सहा ते सात. रविवारी पहाटे मांजरसुंब्याचा घाट, दगडधोंडे ह्यांच्या पायऱ्या मोजायला. थोरल्यानं हा धागा वाचला, वाघाचा प्रतिसाद दोनदा. कपिलधार गाळलं. दुपारी कुंथलगिरीत डोंगरावरच्या जैन मंदिरांच्या सावलीत. आता शेवटचा प्रश्न: परतताना येडशीचं रामलिंग की तेर? नवऱ्याला तेर हवंय.

दगडधोंडे
तेर. जुनं तगर. रोमन व्यापाराच्या काळातलं शहर, संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे. विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ आहे, गोरोबाकाकांची समाधी आहे. आपल्या भागातली एवढी जुनी वीट दुसरीकडं कुठं बघणार?

जुना_प्रवासी
रामलिंग. ताईंनी डोंगर विचारलेत. तेर सपाटीवर आहे, थंडीतही बघता येतं.

बालाघाटचा_गडी
रामलिंग. आणि संग्रहालय बघायला सूर्य डोक्यावर असताना जावं, डोंगर बघायला नाही. तेर लातूरहून कुठल्याही रविवारी होतं.

मांजराकाठची
दोनास एक. नवऱ्याला बहुमत दाखवलं, रामलिंग.

धारूरची_लेक
मग एक सांगून ठेवते. रामलिंगला माकडं फार आहेत आणि धीट आहेत. पेढ्याचा पुडा गाडीत सीटखाली ठेवा, काचा पूर्ण वर करा आणि पायऱ्या उतरताना हातात पिशवी दिसू देऊ नका. सासूबाईंच्या हातात काठी असू द्या, गुडघ्यांसाठीही आणि माकडांसाठीही.